दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे

मुलाखतीत त्यांनी माझी पदवी विचारलीच नाही. बी.कॉम.चं सर्टिफिकेट फाईलमध्ये घालून मी मांडीवर घेऊन बसले होते, इस्त्रीची कुर्ती घातली होती, मागच्या भिंतीवरचं दुकानदाराचं कॅलेंडर काढून ठेवलं होतं. पडद्यावरची बाई म्हणाली, "हाथ दिखाइए. दोनों. अब उल्टे कीजिए." मी हात पुढे केले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की कोपरापर्यंत मेंदी आहे. चुलत बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि माझी मेंदी अशी काही रंगली होती, की बायका नवरीला सोडून माझेच हात बघत होत्या. पडद्यावरच्या बाईनं मान हलवली. हात कॅमेऱ्यात फार जवळून दिसतात, त्यांच्यावर काही नको, मेंदी गेली की पुन्हा बोलू, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यानंतरचे काही दिवस मी हात घासण्यात घालवले. लिंबू, बेसन, टूथपेस्ट, शेवटी भांड्यांची पावडरसुद्धा. आई दारात उभी राहून बघायची. "लोकांची मेंदी चढत नाही म्हणून रडतात, आणि हिची चढली तर ही उतरवतेय. नोकरी आहे का ऑपरेशन?" घरात तोवर मी फक्त "परदेशातली नोकरी" एवढंच सांगितलं होतं. कसली, ते सांगायची हिंमत मेंदीबरोबर हळूहळू जमवत होते.

नोकरी होती ऑनलाइन कसिनोत लाइव्ह डीलरची. माझी कॉलेजातली मैत्रीण वर्षभरापासून जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, हेच काम करत होती. तिनंच मला सगळं समजावलं. मोठा स्टुडिओ असतो, त्यात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर वरून आणि समोरून कॅमेरे. आपण नटूनथटून बसायचं आणि पत्ते वाटायचे. खेळणारे आपापल्या घरी, फोनवर बघत पैसे लावणार. आपण त्यांना पाहू शकत नाही, ते आपल्याला बघतात, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत गप्पा मारत राहायचं. हिंदी बोलणाऱ्या मुली त्यांना हव्याच होत्या. "तुझ्यासारखी हिंदी कोण बोलणार? तू तर झोपेतसुद्धा हिंदीत भांडतेस," असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. पूर्वज दख्खनेतून इकडे आले ते पूजाअर्चा आणि कीर्तनं करायला, आणि मग इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. पुण्याच्या मावशीकडे गेलं की तिची मुलं माझं मराठी ऐकून खो खो हसायची. मी "मला पता नव्हतं" म्हटलं की ती ते वाक्य दिवसभर एकमेकांना ऐकवायची. तर ज्या हिंदीनं माझ्या मराठीची अशी शोभा केली होती, तीच आता मला विमानात बसवणार होती. मला इतका आनंद झाला होता, की इंदरगंजातल्या डोळ्यांच्या ज्या दवाखान्यात मी तेव्हा नोकरी करत होते, तिथल्या काउंटरवर बसल्या बसल्या मी पेशंटना मैफलीत बोलावल्यासारखी हाक मारू लागले. "आइए अंकल, आपका नंबर आ गया, ज़रा मुस्कुराते हुए अंदर जाइए." डॉक्टरांनी एकदा बाहेर येऊन विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

मेंदी फिकट झाली आणि मी घरी सांगून टाकलं. रविवार होता, बाबा सकाळी बेडईच्या पुऱ्या आणि जिलबी घेऊन आले होते, सगळ्यांची तोंडं भरलेली होती. मी तोच मुहूर्त निवडला.

आईनं आधी घास गिळला. "पत्ते वाटायची नोकरी?"

"स्टुडिओत. कॅमेऱ्यासमोर. मैत्रीण आहे तिकडे, तिच्याशी बोल तू पाहिजे तर."

"अगं बेटा, पेपरमध्ये रोज येतं. नोकरी देतो म्हणून नेतात आणि तिकडे गेल्यावर पासपोर्ट जप्त करून टाकतात."

मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं आईला आपली खोली दाखवली, खिडकीतला डोंगर दाखवला, आपला पासपोर्ट दाखवला, फ्रिज उघडून कोथिंबीर दाखवली. पासपोर्टानं नाही, कोथिंबिरीनं आईचा जीव थोडा थाऱ्यावर आला. पण फोन ठेवल्यावर तिनं एक विचारलंच. "आणि कुणी हरला तर तू त्याला काय म्हणणार?"

"म्हणायचं, कोई बात नहीं, अगली बार आपकी बारी."

"आणि तो घरी बायकोला काय म्हणणार?"

  मला जायचं होतं, फार जायचं होतं, आणि त्या जायच्या घाईत हा प्रश्न मी बाजूला सारला, हे खरं आहे.

बाबा इतका वेळ जिलबीचा पाक बोटावरून पुसत होते. बाबा गोरखीतल्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते. माधवगंजातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी ते पेटीवर लेहरा धरायचे आणि मी तबला वाजवायची, म्हणजे ते एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहणार आणि मी त्यावर ठेका, कायदे, जे काही येतं ते. मी मोठी वादक वगैरे नाही. पण लहानपणापासून ती संध्याकाळ चुकली नव्हती. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"खेळायचं तर नाही ना? फक्त वाटायचं?"

"फक्त वाटायचं."

"म्हणजे हाताचं काम आहे." ते उठले आणि हात धुवायला गेले. "मग बघू."

आमच्याकडे "मग बघू" म्हणजे होकार असतो. आईनं कपाळाला हात लावला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, की मुलीला परदेशात टीव्ही स्टुडिओत काम मिळतंय. काकूंनी जॉर्जिया ऐकून अमेरिका समजली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या माधवगंजानं मला अमेरिकेला पाठवून दिलं होतं. समोरच्या काकांच्या कानावर डीलर हा शब्द गेला, तर ते मला विचारायला आले की प्लॉटचे भाव काय चाललेत.

स्वच्छ हातांनी मी दुसऱ्यांदा मुलाखत दिली आणि पास झाले. आता राहिली टेबलाची परीक्षा. तीही ऑनलाइन, घरूनच. त्यांनी नियमांचे व्हिडिओ पाठवले, आणि सांगितलं की टेबलावर हिरवं कापड हवं, आणि हात वरून दिसतील असा एक कॅमेरा हवा. हिरव्या कापडाला आईची चादर सापडली. वरच्या कॅमेऱ्याचं काय करायचं, ह्यावर सगळं घर विचारात पडलं. शेवटी बाबांनी छताकडे बोट दाखवलं. तिथे पाळण्याची कडी होती, ज्या कडीला माझा पाळणा टांगला होता ती. बाबांनी स्टुलावर चढून तिला सुतळीनं माझा फोन बांधला, आम्ही टेबल बरोबर त्याच्या खाली सरकवलं, समोर लॅपटॉप ठेवला, आणि फोनच्या पडद्यावर माझे दोन हात दिसले. स्टुडिओच वाटत होता अगदी.

आणि मग मी सरावाला लागले. अंदर-बाहर हा सगळ्यात सोपा खेळ. मध्ये एक पत्ता उघडा ठेवायचा, मग एक पत्ता अंदर, एक बाहर, असं वाटत जायचं, मधल्यासारखा पत्ता ज्या बाजूला येईल ती बाजू जिंकली. पत्ते वाटताना बोलतही राहायचं. घरात दिवाळीला पत्ते खेळायचो तेव्हा आम्ही इस्पिक, बदाम, चौकट, किलवर म्हणायचो. आता ते गिळून हुकुम, पान, ईंट, चिड़ी म्हणायचं होतं. दवाखान्यातून आले की मी टेबलावर. पत्ते पिसायची, वाटायची, गोळा करायची, हवेशी गप्पा मारायची. हाताला लय सापडली तेव्हा मला कळलं की हे काम मला येणार आहे. अंदर, बाहर, अंदर, बाहर, त्यात एक ठेका होता, आणि ठेका धरणं मला येत होतं. मला वाटलं आत्ताच्या आत्ता परीक्षा घ्या.

परीक्षा घेणारी बाई तिथलीच होती, जॉर्जियन, बारीक केस कापलेली, हळू आणि स्वच्छ इंग्रजी बोलणारी. तिनं सांगितलं, सुरू कर. मी सुरू केलं. एकही पत्ता पडला नाही, एकदाही अडखळले नाही, दोनदा तर इंग्रजीत बोलून तिला हसवलं. संपल्यावर मी इतकी खूश होते, की टेबलाखाली पाय नाचत होते.

ती म्हणाली, "तू टेबलावरून काय उचललंस?"

मला कळेना. काहीच नाही, म्हटलं. मग तिनं तिच्याकडचं चित्रण पडद्यावर लावून दाखवलं. त्यात मी खुर्चीवर बसते, उजव्या हाताची बोटं हिरव्या कापडाला लावते, आणि तीच बोटं डोळ्यांना लावते. मग पत्ते घेते. पहिल्या डावाआधी, आणि नवी गड्डी घेतली त्याच्याही आधी.

हे मी केलंय हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे तबल्याला वाजवण्यासाठी हात लावायच्या आधी नमस्काराचा हात लावतात, आणि तो डोळ्यांना. मला धड बोलता येत नव्हतं तेव्हा बाबांनी माझा हात धरून हे करवून घेतलं होतं. मग ती सवय तबल्यावरून उतरून सगळीकडे पसरली. परीक्षेचा पेपर, स्कूटीचं हँडल, दवाखान्यातला कीबोर्ड, काहीही सुरू करायचं तर हात आधी तिथे आणि मग डोळ्यांना. श्वास घेतो तसं ते होऊन जायचं.

पण पत्त्यांच्या टेबलाचा नियम वेगळा होता, आणि तो व्हिडिओत मी पाहिलाही होता. टेबलावरून हात उचलून कुठेही न्यायचा असेल, नाक खाजवायचं असेल तरी, आधी दोन्ही हात कॅमेऱ्याला दाखवायचे. तळवे, मग पालथे. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की बोटांत पत्ता लपलेला नाही. बाई शांतपणे म्हणाली, की बाकी सगळं चांगलं होतं. पण खेळणारा माणूस पैसे लावून बसलेला असतो, आणि डीलरचा हात टेबलावरून चेहऱ्याकडे गेला की त्याला चोरीच दिसते. दोन आठवड्यांनी अजून एक संधी. पुन्हा असं झालं तर पुढे काही नाही.

मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं, देवानंच अडवलं. पण आपली मुलगी नापास होतेय म्हटल्यावर आईतली मास्तरीण जागी झाली. ती लाटणं घेऊन टेबलाशी येऊन बसली.

"कर सुरू."

मी बसले, हात कापडाला लागला, डोळ्यांकडे निघाला. लाटणं टेबलावर आपटलं.

"हात!"

पुन्हा. पुन्हा लाटणं. पहिला दिवस तर असाच गेला, पत्ते राहिले बाजूला. माझा हात मला अजिबात जुमानत नव्हता, आणि लाटण्याच्या दणक्यानं मी दर वेळी दचकत होते. शेजारच्या काकू विचारून गेल्या, रोज इतक्या पोळ्या कुणासाठी. दवाखान्यात मी कीबोर्डासमोर हात मांडीखाली दाबून बसायची, मग हळूच काढून सरळ टाइप करायची. स्कूटीला किल्ली लावतानाही तेच. हळूहळू हात थांबू लागला. वाटेत कुठेतरी अडकायचा, परत यायचा. आणि मग एके दिवशी मी बसले, सरळ पत्ते उचलले, अख्खा डाव वाटला, आणि लाटणं आईच्या मांडीवरच राहिलं. मी उठून आईला अशी मिठी मारली की लाटणं आमच्या दोघींच्या मध्ये आलं. त्या दुपारी परीक्षा जिंकल्यात जमा होती. मैत्रिणीला फोन करून मी तिथल्या थंडीचे कपडे कुठे मिळतात तेही विचारून घेतलं.

संध्याकाळी बाबा पेटी घेऊन बसले. मी तबल्यावरचं कापड काढलं, बैठक मारली, आणि लेहऱ्याची सम आली तशी त्रितालाचा ठेका सुरू केला. छान लागला होता तबला. मीही अगदी हवेत होते.

लेहरा थांबला. बाबांनी पेटीचा भाता मिटला.

"काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तू सुरू केलंस."

ते रागावलेले नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते, आणि मीही बघितलं. हात सरळ तबल्यावर गेला होता. मधे कुठेही थांबला नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी नमस्कार न करता तबला वाजवायला घेतला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, जसा आठवडाभरापूर्वी नमस्कार केल्याचा नव्हता.

मला फार वाईट वाटलं. असं वाटलं, की मी एक वस्तू घरातून उचलून विकून टाकली आहे आणि ती माझी नव्हतीच. मी घाईघाईनं तबल्याला हात लावून डोळ्यांना लावला, पण तो हात मी लावला होता, आपण होऊन गेला नव्हता. बाबांनाही तो फरक दिसला असणार. मी म्हटलं, "मला नाही जायचं. सांगते मी त्यांना."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. ह्या नोकरीला पहिल्यापासून जिचा विरोध होता तीच. "नाही जायचं म्हणजे? आठवडाभर मी लाटणं आपटत बसले ते काय उगाच? टेबलाला खड्डा पडलाय." मग बाबांकडे वळून, "आणि तुम्ही काही बोला. पेटी बंद करून बसलात ते."

बाबा म्हणाले, "तो नियम काय आहे, तो मला नीट दाखव."

मी फोनवर नियमांचा व्हिडिओ लावला. बाबांनी चष्मा चढवून तो पाहिला, मग पुन्हा पाहिला, तबल्याचा एखादा कायदा शिकून घेताना पाहावा तसा. डीलर मुलगी तळवे दाखवते, हात पालथे करते, मग केस मागे सारते, पुन्हा हात दाखवते आणि पत्ते घेते.

"म्हणजे हात रिकामा आहे हे आधी दाखवायचं," बाबा म्हणाले.

"हो."

"दाखवला की मग हात कुठेही ने. केसांना ने, नाकाला ने."

"हो."

"मग डोळ्यांना नेऊ नको असं कोण बोललंय?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "त्या बाईनं तुला नमस्कार सोड म्हणून सांगितलंच नाही. तू आणि तुझी आई, दोघी लाटणं घेऊन बसलात. तुझा क्रम चुकला होता, बस."

आई लगेच म्हणाली, "मला काय पता त्यांचे नियम." पण ती स्वयंपाकघरात परत गेली नाही, तिथेच बसली.

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं, ते आठवलं की मला अजून हसू येतं. बाबांनी पेटी टेबलाशी आणली. त्यांनी विलंबित लयीत लेहरा धरला आणि म्हणाले, ह्या लयीत सगळं बसव. मी बोटं कापडाला लावली. तळवे दाखवले. हात पालथे केले. डोळ्यांना लावले. पुन्हा तळवे, पुन्हा पालथे. आणि समेवर पहिला पत्ता. सुरुवातीला मी डोळ्यांकडे आधी जायची आणि तळवे मागाहून, कारण हाताला जुनी वाट आठवू लागली होती. "परत," बाबा म्हणायचे, शाळेत म्हणायचे तसं. आई म्हणायची, "तळवे, तळवे!" मग ते बसलं. इतकं छान बसलं, की बाबांनी लय वाढवली आणि मी पत्ते वाटतच गेले, हुकुम की रानी अंदर, ईंट का दहला बाहर, आणि पेटी वाजतेय, आणि आई मांडीवर ताल धरतेय. अशी संध्याकाळ आमच्या घरात कधी झाली नव्हती.

तरी मनात एक धास्ती होतीच. नियम मोडत नाही हे ठीक, पण बाईला हे चालेल का? तिनं दुसऱ्यांदा डोळ्यांना गेलेला हात पाहिला आणि तिथेच थांबवलं तर? आदल्या दिवशी आई हळूच म्हणाली, "उद्या एक दिवस नको करू. नोकरी पक्की होऊन जाऊ दे, मग रोज कर."  आईचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, आणि मी ठरवू शकले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी नौतपा चालू होता, उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर गरम वाऱ्याची लू, आणि घरात कूलर बंद करावा लागला, कारण त्याच्या वाऱ्यानं कडीला टांगलेला फोन झुलायचा आणि पत्ते उडायचे. मी लाल साडी नेसून, पावडर लावून, भट्टीत बसल्यासारखी बसले होते. बाबा आतल्या खोलीत, आई दाराआड. पडद्यावर बाई आली. नमस्कार-चमत्कार झाले. ती म्हणाली, सुरू कर.

मी ठरवलं वगैरे काही नाही. माझी बोटं कापडाला लागली. मग तळवे वर झाले, छतावरच्या फोनकडे. मग पालथे. मग हात डोळ्यांना लागले, आणि ह्या वेळी ते आपण होऊन गेले, मी नेले नाहीत. मला ते इतकं स्पष्ट कळलं की हसूच आलं. पुन्हा तळवे, पुन्हा पालथे. पहिला पत्ता.

बाईनं थांबवलं नाही. मी वाटत गेले. मध्येच घामाचा एक थेंब कपाळावरून निघाला आणि भुवईवर येऊन थांबला. मी दोन्ही हात दाखवले, पालथे केले, रुमालानं घाम टिपला, हात दाखवले आणि म्हटलं, "हमारे यहाँ गर्मी इतनी है कि हुकुम का बादशाह भी ताज उतार के बैठा है." मग लक्षात आलं, बाईला हिंदी येत नाही. तरी ती हसली.

डाव संपला. ती खाली बघून काहीतरी लिहीत होती. दाराआडून आईच्या बांगड्या वाजल्या. मला राहवलं नाही. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, की सुरुवातीला मी जे केलं ते चुकून नव्हतं. आमच्याकडे हाताचं काम सुरू करायच्या आधी त्या वस्तूला नमस्कार करतात. गेल्या वेळी मी हात न दाखवता केला. आज दाखवून केला.

तिनं मान वर केली. "मी पाहिलं," ती म्हणाली. "हात दाखवले होते. चूक नाही."

एवढंच. मग ती पुढच्या कागदपत्रांबद्दल बोलू लागली आणि मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

नोकरी पक्की झाल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरवर होते. फोन कानाला लावून मी उभी राहिले, थँक यू थँक यू म्हणत राहिले, आणि त्या भरात चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या एका आजोबांना मोतीबिंदूच्या खोलीत पाठवून दिलं. ते परत आले आणि म्हणाले, "बिटिया, वहाँ तो सब लेटे हुए हैं." मी त्यांना जिलबी खायला घालायचं कबूल केलं. स्कूटीवर बसताना हात हँडलला लागला, डोळ्यांना लागला, आणि मग मी इंदरगंज चौराह्यातून माधवगंजापर्यंत गाणं म्हणत गेले. सिग्नलला लोक बघत होते.

आता मी इथे आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, फ्रिजमध्ये कोथिंबीर आहे. माझं टेबल खरंखुरं हिरवं आहे आणि वरचा कॅमेरा सुतळीनं बांधलेला नाही. प्रत्येक पाळीला बसले की बोटं कापडाला लागतात, तळवे वर होतात, पालथे होतात, डोळ्यांना जातात. बाजूच्या टेबलावरची मुलगी सुरुवातीला टक लावून बघायची, आता बघत नाही. खेळणाऱ्यांपैकी कुणी कधी चॅटमध्ये लिहितं, जी नमस्ते. आईचा तो प्रश्नही अधूनमधून येतो, विशेषतः कुणी बराच वेळ हरत राहिला की. मग मी त्याच्याशी जरा जास्त नीट बोलते. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल असतो. तबला माझ्याजवळ नाही, तो विमानात आणता आला नाही, म्हणून मी टेबलाच्या कडेवरच ठेका धरते आणि बाबा तिकडे लेहरा वाजवतात. आवाज मागेपुढे होतो, सम कधीच बरोबर येत नाही, तरी आम्ही वाजवतो. पहिल्या कॉलच्या दिवशी आईनं फोन पेटीसमोर डब्याला टेकवून ठेवला. बाबांनी चष्मा नीट केला. मी वाट बघत होते की ते पेटीला हात लावतील.

त्यांनी बोटं पेटीला लावली. मग दोन्ही हात वर करून तळवे माझ्याकडे केले, अगदी कॅमेऱ्याजवळ, इतके जवळ की पडद्यावर फक्त हातच दिसत होते. मग हात पालथे केले. मग डोळ्यांना लावले. मग पुन्हा तळवे, पुन्हा पालथे. एकही पायरी चुकली नाही. आणि ते माझ्याकडे बघत थांबले.

 मी इकडून म्हटलं, "चूक नाही, बाबा. सुरू करा."